घरात लहान मुलं असताना कोंबड्या पाळायच्या तर

पिल्लांपासून सुरुवात करू नका. एक दिवसाच्या पिल्लाला पहिला आठवडा सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते, पुढे दर आठवड्याला ती ३ अंशांनी उतरवायची असते. रात्री वीज गेली की पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढून गुदमरतात. त्यातून मुलं त्यांना दिवसभर हातातून खाली ठेवत नाहीत. ते पिल्लांनाही बाधतं आणि मुलांनाही.

त्यापेक्षा ८ ते १० आठवड्यांच्या सहा तलंगा, म्हणजे अजून अंडी सुरू न झालेल्या तरुण कोंबड्या, आणा. जातींपैकी अंड्यांसाठी ग्रामप्रिया उजवी. वनराज, गिरिराज अंगानं भारी. पुणे, कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रांत आधी चौकशी करा. लासोटा (मानमोडी या जीवघेण्या रोगावरची पिल्लांची लस), गंबोरो आणि देवी या रोगांच्या लसी कधी दिल्या ते लिहून घ्या. आठव्या आठवड्यातली मानमोडीची आर२बी लस राहिली असेल तर पशुवैद्यकाकडून टोचून घ्या. मानमोडी एकदा शिरली की औषध नाही. कोंबडा मात्र नको. अंड्यांना त्याची गरज नसते आणि पहाटे चारला शेजारी भांडायला येतात.

कोंबड्या आणण्याआधी खुराडं पूर्ण झालेलं हवं. सहा जणींना ४ बाय ३ फूट पुरतं, पण दिवसभर मोकळं फिरायला मिळणार असेल तरच. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचला. जाळी अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे तारा जोडून केलेली कडक जाळी, घ्या. षटकोनी कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही; आणि मुंगूस दोन इंचांच्या फटीतूनही आत येतं. कोकणात छपराची वळचण दोन फूट पुढे काढा. कडी मुलांच्या हाताला लागणार नाही इतकी उंच लावा. बसायला दीड-दोन इंच जाडीचा, कडा गोल केलेला दांडा. प्रत्येकीला ८ इंच. अंड्यांसाठी एक-एक फुटाची दोन खोकी दांड्यापेक्षा खाली ठेवा, नाहीतर कोंबड्या खोक्यातच झोपतात आणि अंडी घाण होतात.

खाली भाताचं तूस तीन इंच पसरा, आठवड्यातून दोनदा खालीवर करा. उभ्यानं वास येत नाही म्हणून समाधान मानू नका. उकिडवे बसून कोंबडीच्या उंचीवर नाक न्या. डोळे चुरचुरले तर तूस ओलं झालंय, ते बदला.

खाद्य दर कोंबडीला दिवसाला सुमारे ११० ग्रॅम, म्हणजे सहा जणींना महिन्याला २० किलो. अंडी सुरू होईपर्यंत ग्रोअर (वाढीचं खाद्य), नंतर लेयर (अंड्यांवरच्या कोंबड्यांचं खाद्य). शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, ज्या त्या कोंबडीला हवा तेवढा ती खाते. स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं मूठभरच द्या. मुलं प्रेमानं फरसाण टाकतात, त्यातलं मीठ घातक ठरतं. पाणी प्रत्येकी पाव लिटर, मे महिन्यात त्याच्या दुप्पट. चोच उघडी टाकून धापा टाकू लागल्या की जाळीला ओली गोणपाटं लावा.

धडधाकट कोंबडीच्या विष्ठेतूनही साल्मोनेला जंतू येतात, म्हणून पाच वर्षांखालच्या मुलांनी कोंबडी हाताळायची नाही, लांबूनच बघायचं. त्याहून मोठ्या मुलांनी अंडी गोळा करावीत, पाणी भरावं, आणि लगेच साबणानं हात धुवावेत. पापे घ्यायचे नाहीत, खुराड्यापाशी खाऊ खायचा नाही. खुराड्यातल्या चपला वेगळ्या ठेवा, घरात आणू नका. अंडी सहसा वीस-चोवीस आठवड्यांपासून मिळतात. ती गार पाण्यानं धुऊ नका, कवचाच्या छिद्रांतून घाण आत ओढली जाते. कोरड्या फडक्यानं पुसा, आणि मुलांना नीट शिजवूनच द्या.

मुलांनी कोंबड्यांना नावं द्यायच्या आत घरातल्या मोठ्यांनी एक गोष्ट ठरवून टाकावी: दोन-तीन वर्षांनी अंडी आटली की या कोंबड्यांचं काय करायचं. राणी किंवा चिमणी ताटात आलेली मुलं विसरत नाहीत.

एकाएकी दोन-तीन कोंबड्या मेल्या तर मुलांना लांब ठेवा, हात न लावता सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००६ मध्ये भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा आढळला तो नंदुरबारच्या नवापुरातच.

एखादी खोक्यातून उठेना, पिसं फुलवून चोच मारायला लागली, तर ती आजारी नाही, खुडूक झालीय, म्हणजे अंडी उबवायला बसलीय. तिच्याखाली मुलांना हात घालू देऊ नका. जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस दाणापाण्यासह ठेवा. पोटाखाली वारा लागला की खूळ उतरतं.