छोट्या ग्रामीण जिल्ह्याची ओळख आकड्यांतून कशी लिहावी? उदाहरण सिंधुदुर्गचं

आधी जनगणनेच्या संकेतस्थळावरून जिल्हा जनगणना पुस्तिका उतरवून घ्या. 'अ' भागात गावोगावच्या सोयीसुविधा असतात, 'ब' भागात गाववार लोकसंख्या. २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही, त्यामुळे २०११ चेच आकडे वापरावे लागतात. आकड्याशेजारी वर्ष लिहायला मात्र विसरू नका.

मग आधीच्या जनगणनेशी तुलना करा. सिंधुदुर्गात २००१ मध्ये ८,६८,८२५ माणसं होती, २०११ मध्ये ८,४९,६५१. राज्याची लोकसंख्या वाढत असताना हा जिल्हा आटला. शेजारच्या रत्नागिरीचंही तेच झालं.

आता लिंग गुणोत्तर. हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया, हे वाचून लगेच कौतुकाचं वाक्य लिहू नका. शून्य ते सहा वयोगटाचं गुणोत्तर बघा: ९२२. लहान मुली मुलांपेक्षा कमीच आहेत. एकूण आकडा फुगतो तो मुख्यतः कमावते पुरुष बाहेर असल्यामुळे. शिरगणती ९ ते २८ फेब्रुवारी २०११ या काळात झाली. तेव्हा ना गणपती, ना मे महिन्याची सुट्टी! चाकरमानी मुंबईतच मोजला गेला. म्हणून मोजणी कोणत्या महिन्यात झाली, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

रोजगाराच्या तक्त्यात 'मुख्य' आणि 'सीमांतिक' काम करणारे वेगळे धरा. वर्षात सहा महिने काम भरलं नाही तर माणूस सीमांतिक ठरतो. फक्त आंबा-काजूच्या हंगामापुरती मजुरी करणारी बाई तिथेच सापडेल. पिकं, मासेमारी, उद्योग यांसाठी अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' घ्या. मुंबईहून घरी येणारा पैसा मात्र या तक्त्यांत दिसत नाही. त्यासाठी गावात चार घरी बसून बोलावं लागतं.

घरांना सगळ्यात जास्त वेळ द्या. भिंती, छप्पर, पाणी, शौचालय, वीज ही माहिती घरयादीच्या तक्त्यांत मिळते. तिथे घर आणि कुटुंब या वेगळ्या गोष्टी आहेत, तशीच रिकामी घरं आणि कुलूपबंद घरंही वेगळी. कोकणात हा भेद फार मोलाचा आहे. एखादी वाडी निवडा, ग्रामपंचायतीत नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंदवही बघायला मागा आणि ती घेऊन वाडीत फिरा. एकाच घरावर भाऊबंदांची चार-पाच नावं असतील, ती चार-पाच घरं म्हणून मोजू नका.

दाराला कुलूप दिसलं की छपराकडे बघा. पावसाआधी शाकारणी झालेली असेल, फुटकी कौलं बदललेली असतील, तर त्या घराचं माणूस अजून गावाशी बांधलेलं आहे. गणपतीत ते दार उघडणार. कौलं घसरून वासे कुजलेले असतील तर गोष्ट वेगळी. चिऱ्याची भिंत पुढे कितीतरी वर्षं उभी राहते, पण म्हणून ते राहतं घर ठरत नाही.

नोंद तीन रकान्यांत करा: राहती घरं, सणासुदीला उघडणारी, सोडून दिलेली. वाडी वीस-पंचवीस घरांची असेल तर टक्केवारी काढू नका, सरळ घरांची संख्या लिहा.