१६-३५ जुनी की नवी? टेस्ट अशी करा

कॅननच्या १६-३५ मिमी एफ/२.८ वाइड झूम लेन्सची दुसरी व्हर्जन (२००७) आणि तिसरी (२०१६) यातली कुठली घ्यायची हे ठरवायचं असेल तर दोन्ही एकाच कॅमेरा बॉडीवर लावून बघा, मधला भाग बघून काही कळत नाही कारण तिथे दोन्ही शार्पच दिसतात, खरा फरक कोपऱ्यात आहे.

ट्रायपॉड लावा, रॉ मध्ये शूट करा, मॅन्युअल एक्स्पोजर, २ सेकंदांचा टायमर. समोर लांबवर बारीक डिटेल असलेलं काहीतरी हवं, विटांची भिंत किंवा झाडी, आणि ते कोपऱ्यांपर्यंत पसरलेलं पाहिजे. लाइव्ह व्ह्यूमध्ये १० पट झूम करून हाताने फोकस करा, मग १६, २४, ३५ मिमीला एफ/२.८ पासून एफ/११ पर्यंत फोटो घ्या. आता महत्त्वाचं, कोपऱ्यावर फोकस करून परत एक सेट घ्या, कारण कधी कधी कोपरा मऊ दिसतो तो फील्ड कर्व्हेचरमुळे (म्हणजे फोकसचं प्रतल सपाट नसून वाकलेलं असल्यामुळे), लेन्स वाईट म्हणून नाही. चारपैकी एकच कोपरा मऊ असेल तर ती कॉपी डिसेंटर्ड आहे (आतली एखादी काच जागेवरून सरकलेली), ती घेऊच नका.

सॉफ्टवेअरमधलं लेन्स करेक्शन बंद ठेवा नाहीतर व्हिग्नेटिंग (कोपरे काळे पडणं) लपतं, आणि नवीतही १६ ला २.८ वर कोपरे चांगलेच काळे पडतात बरं का.

रात्री दिव्यांचा एक फोटो एफ/१६ वर घ्याच. जुनीत अॅपर्चरचे ७ ब्लेड म्हणून दिव्याभोवती १४ टोकांचा तारा, नवीत ९ म्हणून १८. मला जुनीचाच आवडतो. फिल्टर दोन्हीला ८२ मिमीचाच लागतो, वजन मात्र ६४० ग्रॅमवरून ७९० वर गेलंय.