जुन्या गाडीची किंमत विम्यात आधीच कशी ठरवून घ्याल

माझ्या मामांची १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी जुळे सोलापुरात असते. पत्रा, रंग, सीटा, इंजिनाचं काम असं करत करत तीन वर्षांत तिच्यात चार लाखांच्या वर पैसे गेले. विमा मात्र मोबाइलवर दोन मिनिटांत काढलेला. स्क्रीनवर गाडीची किंमत चाळीस हजार आली, मामांनी ती वाचलीही नाही. मे महिन्यातल्या वादळात कडुलिंबाची फांदी टपावर पडली, दुरुस्तीचा अंदाज निघाला बत्तीस हजार, आणि कंपनी म्हणाली, गाडी टोटल लॉस, म्हणजे दुरुस्त करण्यापलीकडची.

टपावरच्या पोच्यासाठी अख्खी गाडी टोटल लॉस? होय, कारण दुरुस्तीचा खर्च पॉलिसीतल्या किमतीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की गाडी टोटल लॉस धरतात. चाळीस हजारांचे ७५ टक्के म्हणजे तीस हजार. किंमत दोन लाख लिहिलेली असती तर हीच दुरुस्ती साधा क्लेम म्हणून झाली असती. ‘कमी किंमत लावली की हप्ता वाचतो’ म्हणणाऱ्यांना मी हाच हिशेब सांगतो.

पॉलिसीवरच्या या किमतीला आयडीव्ही म्हणतात, म्हणजे विम्यासाठी जाहीर केलेली गाडीची किंमत. नव्या गाडीचा आयडीव्ही ठरावीक घसाऱ्यानं, म्हणजे वयामुळे धरलेल्या घटीनं, उतरतो: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, मग २०, ३०, ४० आणि पाचव्या वर्षी ५०. पाच वर्षांनंतर तक्ता संपतो. तिथून पुढे, आणि बंद पडलेल्या मॉडेलांसाठीही, किंमत कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवायची असते. ऑनलाइन दिसतो तो कंपनीनं स्वतःच्या बाजूनं टाकलेला आकडा. तुमचा आकडा सांगायचा हक्क तुम्हाला आहे, पण तो सांगावा लागतो, आणि कागदांसकट.

गाडी कुठल्या खान्यात बसते?

खऱ्या अर्थानं ठरलेल्या रकमेचा विमा, म्हणजे टोटल लॉस झाला की घसारा न धरता आधी कबूल केलेली रक्कम हातात, हा मोटार टॅरिफनं, म्हणजे गाड्यांच्या विम्याच्या ठरीव नियमावलीनं, फक्त व्हिंटेज गाड्यांना मोकळा ठेवला. तिथली व्याख्या कडक आहे: ३१ डिसेंबर १९४० पूर्वी बनलेली आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियानं प्रमाणित केलेली गाडी. आरटीओची व्याख्या वेगळी. २०२१ च्या नियमानुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपातली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नवी नोंदणी वीस हजारांची, दहा वर्षांसाठी, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. मात्र अशी गाडी रोज भाजी आणायला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर यायची.

आपल्याकडची बहुतेक हौस पद्मिनी, येझदी, बुलेट, चेतक आणि जीप यांची. त्यांतल्या बहुतेक या दोन्ही खान्यांत बसत नाहीत. म्हणून मार्ग एकच: आयडीव्हीच बोलणी करून ठरवायचा. पॉलिसीच्या ठरीव मजकुरात असं आहे की एकदा लिहिलेला आयडीव्ही वर्षभर टोटल लॉससाठी बाजारभाव धरला जाईल, त्यावर पुन्हा घसारा नाही. म्हणजे व्यवहारात जवळपास तेच साधतं.

आरसी आधी सरळ करा

इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया जातं. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, ते झालंय का? पांढरी गाडी निळी केली असेल तर आरसीवर निळा रंग आहे का? इंजिन बदललं असेल तर नवा नंबर चढलाय का? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं बनवलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. पत्रा कापून उघडी केलेली जीप कितीही देखणी असो, क्लेमच्या वेळी नुकसान तपासायला येणारा सर्व्हेअर आधी आरसी आणि गाडी शेजारी ठेवून बघणार.

फाइल तयार करा

आपल्या मिस्त्रींचा हात सोन्याचा, पण बिल म्हणजे कॅलेंडरच्या पानामागचा हिशेब. तारीख, गाडीचा नंबर, काय काम केलं, किती पैसे दिले, एवढं लिहून सही घ्या. सुट्या भागांची पक्की बिलं वेगळी ठेवा. फोटो तीन टप्प्यांचे हवेत: गंजलेला पत्रा, उघडं पडलेलं काम, तयार गाडी. चासी नंबरवर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासली की ठसा उमटतो. आरटीओत लागतो तोच, एक इथेही लावा.

मग परवानाधारक सर्व्हेअरकडून मूल्यांकन करून घ्या. फी आधी विचारा. अहवालात चासी आणि इंजिन नंबर, गाडीची अवस्था आणि आजचा बाजारभाव स्पष्ट आकड्यात हवा. ‘गाडी उत्तम स्थितीत’ एवढ्यावर कुणी आयडीव्ही वाढवत नाही.

आकडा मागा, पण वाजवी

हे मोबाइलवर होत नाही. फाइल घेऊन शाखेत जा, किंवा एजंटला लेखी अर्ज करायला लावा. चार लाख घातले म्हणून गाडी चार लाखांची होत नाही, हे मामांना पटवायला मला दोन रविवार लागले. तशी गाडी आज घ्यायची म्हटली तर किती पडतील, तो खरा आकडा. फुगवून सांगितलात तर हप्ता उगाच जास्त भराल, आणि क्लेमच्या वेळी प्रश्नही तुम्हालाच विचारले जातील. एका कंपनीनं नाही म्हटलं तर दुसरीकडे जा. जुन्या गाडीला फुल इन्शुरन्सच नको म्हणणाऱ्याही आहेत.

म्युझिक सिस्टिम, जादा दिवे अशा बाहेरून बसवलेल्या विजेच्या वस्तू आयडीव्हीत धरत नाहीत. त्यांची किंमत वेगळी लिहून घ्या, हप्ता साधारण त्या किमतीच्या ४ टक्के. गॅस किटचंही तसंच, आणि किट आरसीवर चढलेलं हवं.

पॉलिसी हातात आली की पहिलं पान वाचा. आयडीव्ही, चासी नंबर, उत्पादनाचं वर्ष. चूक असेल तर त्याच आठवड्यात लेखी कळवा.

आकडा वाढला तरी काय सुटत नाही

साध्या दुरुस्तीत सुट्या भागांचा घसारा कापतातच. दहा वर्षांवरच्या गाडीला धातूच्या भागांवर ५० टक्के. रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांवर वय न बघता ५०. काचेवर काहीच नाही. समजा मडगार्ड वीस हजारांचं, तर दहा तुमचे. रंगाचं एकत्र बिल चोवीस हजार असेल तर त्यातले पाव, म्हणजे सहा हजार, सामानाचे धरतात आणि त्याचे निम्मे तीन हजार कापतात. मजुरी पूर्ण मिळते. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, इतक्या जुन्या गाडीला सहसा कुणी देत नाही, त्यामुळे ही कात्री गृहीत धराच.

आणखी एक. लग्नसराईत ‘गाडी द्या ना, नळदुर्गच्या किल्ल्यावर प्री-वेडिंग शूट आहे’ असे फोन येतात. मित्राला हौसेनं दिली तर ठीक. भाडं घेतलंत की खासगी गाडीची पॉलिसी त्या फेरीला लागू राहत नाही.

नूतनीकरण

मुदत संपण्याआधी पंधरा दिवस कामाला लागा, कारण नूतनीकरणात पुन्हा ऑनलाइन आकडा खाली सरकलेला दिसतो. मागच्या वर्षीचा अहवाल आणि ताजे फोटो पुढे करा. खंड पडला तर गाडीची तपासणी होते. नव्वद दिवसांपुढे गेलात तर नो क्लेम बोनसही, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूटही, जाते.

क्लेममध्ये अन्याय झाला असं वाटलं तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर आपल्या भागाच्या विमा लोकपालाकडे (सोलापूरसाठी पुण्याच्या) अर्ज करता येतो. फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या नकाराला वर्ष व्हायच्या आत अर्ज गेला पाहिजे, आणि सोबत मूल्यांकनाचा अहवाल व ती कॅलेंडरच्या पानांची फाइल जोडा.