विजेच्या होडीसाठी एक मिलिअँपिअरचं मीटर: घरच्या घरी कसं बनवावं

पैठणला मामांची होडी आहे. नाथसागरात जाळी टाकायची, पहाटे ओढायची, हा त्यांचा धंदा. डिझेल परवडेना म्हणून मागच्या बाजूला १२ व्होल्टची ट्रोलिंग मोटार (होडी ढकलणारी छोटी विजेची मोटार) लावली आणि लोडशेडिंगच्या काळातली घरातली १५० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी होडीत ठेवली. मी हौसेने त्यावर मीटर बसवून दिलं. व्होल्ट, अँपिअर, वॅट, जीपीएसवरचा वेग, सगळं एका पडद्यावर. मामांनी पाहिलं आणि म्हणाले, "आकडे ऱ्हाऊ दे रे. आता निघालो तर घरी पोचतो का नाई, तेवढं सांग."

ते मीटर दोन परीक्षांत नापास झालं. भर उन्हात ओलेडचा (स्वतः उजेड टाकणारा) पडदा कोरा दिसायचा. हाताची सावली धरून आकडे वाचावे लागायचे. आणि भादव्यात महिनाभर होडी घाटाला बांधून राहिली तेव्हा मीटरच बॅटरी पिऊन बसलं. खालची, एक मिलिअँपिअरवर चालणाऱ्या मीटरची पद्धत त्यानंतरची आहे.

आधी हिशेब, मग सोल्डरिंग

मोटार पूर्ण वेगात ४०-५० अँपिअर घेते, म्हणजे ५०० वॅटच्या आसपास. तिथे मीटरने एक वॅट खाल्ला तर काय बिघडलं, असं कुणालाही वाटेल. होडी चालू असताना खरंच काही बिघडत नाही. पण बॅटरीत किती उरलंय हे सांगणारं मीटर बंद करून चालत नाही. ते आत-बाहेर जाणाऱ्या प्रत्येक अँपिअरची वही लिहितं. रात्री बंद ठेवलं आणि त्याच वेळी चार्जिंग झालं, तर वही खोटी पडते. त्यामुळे ते चोवीस तास, बाराही महिने चालू हवं.

माझ्या पहिल्या मीटरमध्ये अर्डुइनो उनो (प्रोग्राम करता येणारा छोटा प्रोसेसर बोर्ड), ओलेडचा पडदा आणि जीपीएस मिळून साधारण १०० मिलिअँपिअर जात होते. दिवसाला २.४ आणि महिन्याला ७२ अँपिअर-तास. १५० च्या बॅटरीतले जवळजवळ निम्मे, होडी जागेवरून न हलता. एक मिलिअँपिअरवर तोच खर्च महिन्याला पाऊण अँपिअर-तासाच्या आत येतो. बॅटरी स्वतःहून उतरते त्यापुढे हे काहीच नाही.

नुसता व्होल्टमीटर का नको? लेड-अॅसिड बॅटरीचा (आपली ट्यूब्युलर त्यातलीच) व्होल्टेज मोटार चालू असताना दबतो आणि बंद केली की वर येतो, त्यामुळे वाटेत वाचलेला आकडा फसवतो. लिथियम आयर्न फॉस्फेटची तर आणखी पंचाईत: मधल्या टप्प्यात तिचा व्होल्टेज फारसा हलतच नाही. मोजायचा तो प्रवाह.

सामान

५० अँपिअर, ७५ मिलिव्होल्टचा शंट (प्रवाह मोजायचा जाडजूड रोधक: ५० अँपिअर वाहिले की त्याच्या टोकांत ७५ मिलिव्होल्ट पडतात). ते मिलिव्होल्ट आणि बॅटरीचा व्होल्टेज मोजणाऱ्या आयएनए २२६ चिपचं मॉड्यूल. अर्डुइनो प्रो मिनी, ३.३ व्होल्ट आणि ८ मेगाहर्ट्‌झवाला. डीएस ३२३१ घड्याळ. नोकिया ५११० चा पडदा. बॅटरीच्या व्होल्टेजचे ३.३ व्होल्ट करणारा एचटी ७५३३ रेग्युलेटर. पारदर्शक झाकणाचा आयपी ६५ (धूळ-पाणी आत न शिरणारा) जंक्शन बॉक्स, जो इलेक्ट्रिकच्या दुकानात सहज मिळतो. शिवाय फ्यूज, केबल ग्लँड (तार आत घ्यायचं घट्ट बूच) आणि किरकोळ रोधक-कपॅसिटर.

पडद्याबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण इथेच लोक चुकतात. ओलेड स्वतः उजेड टाकतो, म्हणून आपल्याकडच्या उन्हापुढे हरतो आणि वर १०-२० मिलिअँपिअर खातो. ई-इंक दिसायला देखणा, पण बहुतेक पडद्यांची मर्यादा ५० अंश सेल्सिअस असते. मे महिन्यात हवाच ४२ अंश असते, तर बंद डब्यात ५० कधी ओलांडले ते कळतही नाही. नोकियाचा जुना एलसीडी मात्र ऊन परतवून दाखवतो: जितकं कडक ऊन, तितके ठसठशीत आकडे. मागचा दिवा जोडायचाच नाही, मग तो अर्ध्या मिलिअँपिअरच्या आत भागतो. खिसा परवानगी देत असेल तर शार्पचा २.७ इंची मेमरी एलसीडी घ्या. मोठा आहे आणि त्याहूनही कमी खातो.

जीपीएस घालू नका. वेग मोबाईलवर दिसतो.

पहिली पायरी: शंट

बॅटरीची ऋण तार शंटच्या एका जाड बोल्टला. मोटार, दिवा, चार्जर अशा बाकी सगळ्यांच्या ऋण तारा दुसऱ्या बोल्टला. बॅटरीच्या ऋण टोकावर शंटशिवाय थेट काहीही लागता कामा नये. मामांचा मुलगा पहिल्या आठवड्यात चार्जरचा चिमटा सरळ बॅटरीवर लावत होता. चार्जिंग वहीत चढेना आणि मीटर बॅटरी रिकामी दाखवत राहिलं.

आयएनएच्या मॉड्यूलवर आर १०० लिहिलेला एक चपटा रोधक असतो. तो आधी काढा. तो ठेवून बाहेरचा शंट जोडला तर बारीक तारांतूनही प्रवाह वाहतो आणि आकडा कमी येतो. शंटचा बोल्ट कधी ढिला पडला तर मोटारीचा अख्खा भार त्या तारांवर येईल, ते वेगळंच. मग शंटच्या दोन छोट्या स्क्रूंपासून दोन तारा एकमेकींना पीळ घालून मॉड्यूलपर्यंत न्या: मोटारीच्या बाजूची 'इन प्लस'ला, बॅटरीच्या बाजूची 'इन मायनस'ला. मीटरची जमीन (ग्राउंड, म्हणजे ऋण तार) शंटच्या बॅटरीकडच्या बाजूला जोडा. व्होल्टेज मोजणारी तार बॅटरीच्या धन टोकावरून अर्ध्या अँपिअरच्या फ्यूजमधून घ्या. मोटारीचा ६० अँपिअरचा फ्यूज वेगळा, तोही धन टोकाच्या अगदी जवळ.

हे मॉड्यूल ३६ व्होल्टपर्यंतच आहे. १२ आणि २४ च्या होडीला चालेल, ४८ ला आयएनए २२८ घ्या.

दुसरी पायरी: वीज आणि झोप

बाजारात सर्रास मिळणारं एलएम २५९६ चं बक (व्होल्टेज उतरवणारं) मॉड्यूल इथे चालत नाही, ते नुसतं बसून पाचेक मिलिअँपिअर खातं. एचटी ७५३३ काही मायक्रोअँपिअरवर भागवतो. त्याच्या आधी १०० ओहमचा रोधक, १८ व्होल्टचा टीव्हीएस डायोड (जास्तीचा व्होल्टेज गिळणारा; हा आकडा १२ व्होल्टच्या होडीसाठी) आणि ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. मोटार बंद-चालू होताना येणारे झटके तिथेच जिरतात. प्रो मिनीवरचा पॉवरचा दिवा आणि रेग्युलेटर उपटून टाका आणि ३.३ व्होल्ट सरळ व्हीसीसी पिनला द्या. घड्याळाच्या मॉड्यूलवरचा दिवाही काढा.

प्रोसेसर एरवी झोपलेला असतो. घड्याळाचा दर सेकंदाचा ठोका त्याला पिन-चेंज इंटरप्टने (पिनवरचा व्होल्टेज बदलला की जाग आणणाऱ्या सोयीने) उठवतो, वीसेक मिलिसेकंदांत काम उरकून तो परत झोपतो. चिपमधल्या वॉचडॉग टायमरनेही उठवता येतं, पण त्याची चाल उन्हात आणि थंडीत बदलते. सेकंदच लहान-मोठा झाला तर अँपिअर-तासांचा हिशेब कसा जुळणार?

तिसरी पायरी: आकडेमोड

आयएनएला ५१२ नमुन्यांची सरासरी घ्यायला सांगा, म्हणजे प्रोसेसर झोपला असताना ते मोजत राहतं. या शंटवर गणित फार सोपं होतं. आयएनएच्या शंट रजिस्टरमधला (मोजलेला आकडा ठेवायच्या कप्प्यातला) आकडा ६०० ने भागला की अँपिअर. बस व्होल्टेजचा, म्हणजे बॅटरीच्या व्होल्टेजचा, आकडा ८०० ने भागला की व्होल्ट. शंटचे आकडे दर सेकंदाला एका ३२ बिटांच्या पूर्णांकात मिळवत जा. त्या बेरजेला २१,६०,००० ने भागलं की खर्च झालेले अँपिअर-तास. दशांश अपूर्णांकांच्या भानगडीत पडू नका.

मोटार बंद असताना शंटच्या रजिस्टरमध्ये शून्याऐवजी दोन किंवा चार असं काही दिसलं तर ते लिहून ठेवा आणि प्रत्येक वाचनातून वजा करा. रजिस्टरमधली चारची चूकसुद्धा दिवसाला ०.१६ अँपिअर-तास खोटं बोलते.

बेरीज ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी न पुसणाऱ्या स्मृतीत) साठवा, पण दर मिनिटाला नाही. त्या जागेला १,००,००० लिखाणांची हमी असते, मिनिटाला एक म्हटलं तर ७० दिवसांत संपली. अर्ध्या अँपिअर-तासाने फरक पडला की लिहा. व्होल्टेज १४.२ च्या वर आणि चार्जिंग २ अँपिअरच्या खाली असं दहा मिनिटं टिकलं, की बॅटरी भरली समजून बेरीज शून्य करा.

१५० ची लेड-अॅसिड असेल तर वापरायला ७५ च धरा. तो १५० चा आकडा वीस तास सावकाश वापरण्याचा असतो. ४० अँपिअरने ओढलं तर तेवढे मिळत नाहीत, आणि निम्म्याखाली नेली की बॅटरीचं आयुष्य घटतं.

चौथी पायरी: पडद्यावर काय दाखवायचं

एकच मोठा आकडा: आत्ताच्या वेगाने किती तास-मिनिटं जाता येईल. उरलेले अँपिअर-तास भागिले मागच्या मिनिटाची सरासरी. खाली बारीक अक्षरात अँपिअर आणि व्होल्ट. बस.

मामांना हे दाखवलं तेव्हा धरणावर वारा सुटला होता. त्यांनी मोटारीची वेगाची मूठ थोडी मागे घेतली. १:१० चा आकडा मिनिटभरात २:२० झाला. त्यांनी पुन्हा पुढे नेली, पुन्हा मागे. चार-पाच वेळा. होडीला लागणारी ताकद वेगाच्या साधारण घनाने वाढते, म्हणून ताकद निम्मी केली तरी वेग एक पंचमांशच उतरतो. हे मी त्यांना सांगितलं नाही, गरजच पडली नाही.

दुपारी डबा तापला की नोकियाचा अख्खा पडदा काळवंडतो. त्यावर उपाय घड्याळातच आहे: डीएस ३२३१ तापमानही मोजतं. तापमान वाढेल तसा कॉन्ट्रास्ट उतरवत जा. स्वस्त पडद्यांत काचेखाली रबराची पट्टी असते, धक्क्यांनी ती सरकते आणि उभ्या रेघा गायब होतात. मागून फोमचा तुकडा दाबून बसवा.

पाचवी पायरी: तपासणी आणि डबा

ट्रॅक्टरच्या हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब लावून पाहा, साडेचार अँपिअरच्या आसपास दिसायला हवेत. डीसी मोजणारा क्लँप मीटर (तारेभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणारा) कुणाकडून उसना मिळाला तर उत्तम. एसीवाला इथे कामाचा नाही.

बोर्डवर नेलपॉलिशचा हात द्या, कनेक्टर आणि पडदा सोडून. ग्लँड डब्याच्या खालच्या अंगाला, आणि तार आत शिरण्याआधी तिला खाली झोल द्या, म्हणजे पाणी तिथूनच टपकेल. आत सिलिका जेलची पुडी. डबा पांढराच घ्या आणि बॅटरीच्या पेटीत ठेवू नका. चार्जिंगच्या वेळी तिथे हायड्रोजन असतो.

झाकण ओल्या मऊ फडक्याने पुसायचं. मामा गाळ लागलेल्या उपरण्याने पुसतात, म्हणून दर दिवाळीला मी नवं झाकण घेऊन जातो.