महिना २० तारखेलाच संपतो? विद्यार्थ्यांनो, हिशेबातल्या या चुका टाळा

मुलांचे पैसे चैनीत उडतात, असं घरोघरी ऐकू येतं. पण गोव्यात पेडणे, डिचोली, सत्तरीहून पणजी-म्हापशाला शिकायला येणाऱ्या मुलांचे महिन्याचे हिशेब नीट पाहिले, तर चैन त्यात बेताचीच सापडते. पैसे जातात ते निवड न करता झालेल्या खर्चात. अर्थशास्त्राच्या पुस्तकात संधी खर्च नावाची कल्पना असते: एक पर्याय घेतला की हातून सुटणारा पुढचा सर्वांत चांगला पर्याय, हीच त्या निवडीची खरी किंमत. परीक्षेत त्यावर टीप लिहिणारी मुलंसुद्धा खिशाला ती लावत नाहीत.

सगळे महिने सारखे धरणं

घरून महिन्याला ६,००० रुपये येतात, म्हणून ६,००० चं अंदाजपत्रक. मग जूनमध्ये प्रवेश, पुस्तकं आणि रेनकोट एकदम अंगावर येतात. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घरी रिकाम्या हातांनी जाता येत नाही, शिवाय माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळा-फुलांच्या) बाजारात आईबरोबर फिरताना चार गोष्टी आपल्या खिशातून घेतल्या जातात. सेमिस्टर संपताना परीक्षा फी आणि प्रोजेक्टच्या छपाईचा खर्च येतो. यातला एकही खर्च अनपेक्षित नाही. चवथ कुठल्या महिन्यात येते, हे कालनिर्णयात वर्षभर आधी छापलेलं असतं.

उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. वर्षातून एकदा-दोनदा येणारे सगळे खर्च एका कागदावर लिहा आणि बेरजेला १२ ने भागा. समजा बेरीज ९,६०० आली, तर महिन्याला ८०० रुपये पहिल्याच दिवशी बाजूला पडले पाहिजेत. महिनाअखेर उरले तर टाकू, असं म्हणणाऱ्याकडे ते उरत नाहीत.

आणखी एक बारीक खाच. आठवड्याला ७०० म्हणजे महिन्याला २,८०० असं सगळे धरतात. पण ४ आठवडे म्हणजे २८ दिवस. वर्षात आठवडे ५२ असतात, ४८ नव्हेत. हे राहिलेले ४ आठवडे जेवायला कोण घालणार?

स्कूटरचा खर्च म्हणजे फक्त पेट्रोल

गोव्यात ही चूक सर्वांत महाग पडते. साखळीहून पणजी साधारण ३० किलोमीटर. जाऊन-येऊन ६०, महिन्याचे २२ दिवस धरले तर १,३२० किलोमीटर. लिटरला ४५ चं ॲव्हरेज मिळालं तरी २९ लिटर पेट्रोल लागतं. हिशेबाच्या सोयीसाठी लिटरला १०० रुपये धरा: २,९०० झाले. याच्यावर सर्व्हिसिंग, टायर, विमा, पावसाळ्यात खड्ड्यांनी केलेली मोडतोड आणि कधीतरी हेल्मेट नसल्याचा दंड. कदंबचा, म्हणजे सरकारी बसचा, विद्यार्थी पास सवलतीत मिळतो. एक महिना दोन्ही आकडे शेजारी लिहून पाहा.

तरीही बसच घ्या, असा माझा आग्रह नाही. संध्याकाळी सहाला प्रॅक्टिकल संपतं आणि गावाकडची शेवटची बस निघून गेलेली असते, हे वाळपईच्या पलीकडच्या मुलांना सांगायला नको. बसच्या दोन फेऱ्यांत रोज दीड तास जादा जात असेल, तर त्या वेळेलाही किंमत आहे. मात्र ती खरी मोजा. वाचलेल्या दीड तासात अभ्यास किंवा कमाई होत असेल, तर स्कूटर परवडली. तो वेळ मिरामारच्या कट्ट्यावर जात असेल, तर तुम्ही गप्पांसाठी पेट्रोल भरताय. भरा, पण माहीत असू द्या. मधला मार्गही आहे: बस जिथे वारंवार मिळते त्या स्टँडपर्यंत स्कूटर, पुढे बस.

‘गाडी घेतलीच आहे, मग वापरायला नको का?’ हा युक्तिवाद तेवढा करू नका. गाडीत गेलेले पैसे गेले. आजचा प्रश्न आजच्या पेट्रोलपुरताच आहे.

पैसे कुठे गेले, हेच कळत नाही

मिर्ची भजी, चहा, झेरॉक्स, पुन्हा चहा. २०-३० रुपयांचं पेमेंट मनात खर्च म्हणून नोंदलंच जात नाही, कारण हातातून नोट गेलेली नसते. त्यात यूपीआय लाइट (छोट्या पेमेंटसाठी आधी पैसे भरून ठेवायचं ॲपमधलं पाकीट) वापरत असाल तर पासबुकही मदतीला येत नाही. त्यात फक्त लाइटमध्ये पैसे भरल्याची नोंद दिसते, सुटे खर्च ॲपमध्ये जाऊन पाहावे लागतात.

पण हेच लाइट उलटं वापरता येतं. दर सोमवारी ठरलेले ७०० रुपये त्यात भरा आणि बाहेरचं खाणं-पिणं तेवढ्यातच करा. संपले की रविवारपर्यंत घरचा डबा. लाइटमध्ये एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत ठेवता येतात, त्यामुळे जागेची अडचण नाही. फक्त ऑटो टॉप-अप बंद करा. ते चालू असेल तर रक्कम आपोआप भरत राहते आणि सगळा बेत पाण्यात जातो.

त्याच बैठकीत ॲपमधली ऑटोपेची, म्हणजे आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांची, यादीही उघडा. महिनाभर फुकट म्हणून घेतलेलं एखादं सबस्क्रिप्शन तिथे हमखास सापडतं. पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना येते, पण शंभर मेसेजांच्या गर्दीत ती वाचतो कोण?

हप्ता छोटा म्हणजे वस्तू स्वस्त

‘नो कॉस्ट ईएमआय’वर फोन घेताना रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट तुम्हाला मिळते का, ते आधी विचारा. बहुतेक वेळा व्याज त्या सुटीतच लपलेलं असतं. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये बँकांना बजावलं होतं. वर प्रोसेसिंग फी असते, आणि कार्डावर हप्ते केले तर व्याजावर १८ टक्के जीएसटी. क्रेडिट कार्डाची किमान रक्कम तेवढी भरून बाकी पुढे ढकलली, तर महिन्याला ३.५ टक्के दराने वर्षाचं चक्रवाढ व्याज ५१ टक्क्यांवर जातं. ‘आत्ता घ्या, नंतर द्या’वाल्या ॲपचा थकलेला हप्ता क्रेडिट स्कोअरवर, म्हणजे कर्ज फेडण्याच्या तुमच्या सवयीला मिळणाऱ्या गुणांवर, उमटतो. उद्या शैक्षणिक कर्जाला तोच आडवा येतो.

सीझनला मिळेल ते काम

ऑक्टोबरपासून पर्यटकांचा सीझन, किनाऱ्यावर कामाला माणसं हवीच असतात. कळंगुटला कॅफेत रात्री ११ पर्यंत उभं राहून हातात बरी रक्कम येते. पण सकाळच्या तासाला डोळे मिटतात, हजेरी ७५ टक्क्यांखाली घसरते, एक पेपर राहतो. पुन्हा परीक्षेची फी छोटी असते, लांबलेलं वर्ष मोठं. एक वर्ष उशिरा नोकरी लागली, तर पहिल्या वर्षाचा सगळा पगार त्या कॅफेच्या कमाईतून वजा करा. शनिवार-रविवार किंवा एप्रिल-मेची सुट्टी कामाला द्या, सेमिस्टरची रात्र देऊ नका. ज्याच्या घरी त्या पैशांवर चूल पेटते, त्याला हा उपदेश लागू नाही. त्याने आधी कॉलेजच्या ऑफिसात शिष्यवृत्ती आणि बर्सरीची (गरजू विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या आर्थिक मदतीची) चौकशी करावी. गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची योजनाही आहे. अटी आणि मुदत त्या वर्षीच्या अर्जातच वाचायची, मित्राच्या तोंडून ऐकायची नाही.

कॉन्ट्रीला नाही न म्हणणं

वाढदिवसाला बिल समान वाटायचं ठरतं आणि भाजी-पाव खाल्लेला मुलगा चिकन खाल्लेल्याइतकेच पैसे देतो. ऑर्डर देण्याआधी ‘माझं वेगळं’ म्हणा. बिल आल्यावर म्हणणं जड जातं.

आणि या महिन्याचे संपलेच असतील तर?

क्रम असा ठेवा. आधी ॲपमधले गेल्या ३० दिवसांचे व्यवहार उतरवून काढा, तीन रकान्यांत: प्रवास, खाणं, बाकीचं. कुठल्या रकान्याने घात केला ते अर्ध्या तासात कळतं. मग घरी फोन करा आणि आकडा खरा सांगा. बाबा चिडतील, पण व्याज लावणार नाहीत. वर्षखर्चाच्या ८०० ला हात लावलाच, तर पुढच्या महिन्यात १,६०० टाकावे लागतील, हे तिथेच लिहून ठेवा. झटपट कर्ज देणाऱ्या ॲपला फोनमधले नंबर वाचायची परवानगी देऊ नका, वसुलीसाठी तेच नंबर वापरले जातात. गेलेली रक्कम पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांतून भरून काढायचा विचारही नको. त्यांच्यावर २०२५ मध्ये केंद्र सरकारने कायद्याने बंदी आणली आहे, आणि चोरून चालणाऱ्या ॲपने पैसे बुडवले तर दाद मागायची सोय नाही. खाणावळीच्या मावशींचे पैसे थकले असतील तर स्वतः जाऊन तारीख सांगा, आणि त्या तारखेला अर्धे तरी द्या.