भात निसवलंय, गव्यांपासून शिवार राखताना

बेळगाव जिल्ह्यातल्या आपल्या खानापूर तालुक्यात, जांबोटी, कणकुंबी, हेम्माडगा पट्ट्यात भात निसवून (लोंब्या बाहेर पडून) दाणा चिकात आलाय. भीमगड अभयारण्याच्या कडेची शिवारं आता कापणीपर्यंत रात्री जागवावी लागणार.

आधी नुकसान कुणाचं ते ओळखा. डुकरं बांध उकरतात, भात लोळवून लोंब्या चघळतात. गवा शेंडे वरच्यावर ओरबाडतो आणि कळप गेला की चिखलात बैलाच्या खुरासारखे, पण मोठे आणि खोल ठसे राहतात. पंचनाम्याला हेच उपयोगी पडतं. सकाळी ठसे मोडायच्या आत फोटो काढा. जमिनीचा उतारा, आधार आणि बँक पासबुकाची झेरॉक्स जोडून वनखात्याच्या कार्यालयात अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय परतू नका.

सौर कुंपण असेल तर या आठवड्यात तारेखालचं गवत काढाच. गेल्या वर्षी आमच्या रताळ्याच्या तुकड्यात एकच वेल तारेवर चढला होता. ओल्या पानांतून करंट जमिनीत उतरत राहिला, मशीन टिकटिक करत होतं, पण तारेत दम नव्हता. दोन रात्रींत अर्धा तुकडा गेला. वेल, फांद्या, फुटलेले इन्सुलेटर, अर्थिंगची सळई हे सगळं रोज संध्याकाळी पाहा. पाऊस ओसरून जमीन सुकली की सळईच्या बुडाशी पाणी घाला. नुसत्या काटेरी तारेला गवा जुमानत नाही.

घरची लाइन मात्र कुंपणाला कधीच जोडू नका. सौर मशीनचा झटका क्षणभराचा असतो, जनावर हादरून मागे फिरतं. लाइनचा करंट सोडत नाही. त्यात गवा मरतो, तसा पहाटे पाणी सोडायला आलेला आपला माणूसही मरतो. गवा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, शिकारीला ३ ते ७ वर्षं कैद आहे. जगभरातल्या नोंदीत तो 'असुरक्षित' गटात मोडतो, आणि जगातले बहुतेक गवे भारतातच उरलेत. त्यातले काही आपल्या खानापूरच्या रानात आहेत, याचं मोल मला पिकाइतकंच वाटतं.

राखणीला एकट्यानं जाऊ नका. माळ्यावरून बॅटरी मारा, डबा वाजवा, पण जंगलाकडची वाट मोकळी ठेवा. पांढरे मोजे घातल्यासारखे पाय आणि काळाभोर अंग, मोठा नर हजार किलोपर्यंत भरतो. एकांडा नर किंवा पिल्लाची आई समोर आली तर मागे सरा. फटाके फेकून त्याला गावाकडे बुजवू नका.

गुरांना लाळ्या-खुरकूतची लस टोचून घ्या, दर सहा महिन्यांनी ती मोफत मिळते. रानात चरणाऱ्या आपल्या गुरांकडून हा रोग गव्यांना लागतो. १९६८ साली बुळकांडी या गुरांच्या साथीच्या रोगानं बंडीपूर-मुदुमलैच्या जंगलातले गव्यांचे कळपच्या कळप असेच मेले. तोंडाला फेस किंवा खुरात जखम दिसली तर ते जनावर गोठ्यातच बांधा आणि डॉक्टर येईपर्यंत त्याचं पाणी वेगळं ठेवा.