रक्त दिसलं की उडवायचं, असं नसतं

कंटेंट मॉडरेशनला, म्हणजे लोकांनी टाकलेले व्हिडिओ नियमांत बसतात का हे तपासायच्या कामाला, लागले तेव्हा पहिले काही दिवस मी रक्त दिसलं की व्हिडिओ उडवत होते. आमचे निर्णय पुन्हा तपासणाऱ्या क्वालिटीवाल्यांनी त्यातले बरेच फिरवले. एक चांगला आठवतो: हवाई हल्ल्यानंतर ढिगाऱ्यातून लहान मुलांना ओढून काढणारी माणसं. मी पाच सेकंदांत निकाल लावला. टीम लीड म्हणाली, "शीर्षक वाचलंस का?" शीर्षकात तारीख, ठिकाण, हल्ल्याची माहिती सगळं होतं. व्हिडिओ परत आला, पण १८ वर्षांखालच्यांना बंद आणि सुरुवातीला इशारा. पुढे जवळजवळ तसंच दृश्य आलं, मागे उडतं गाणं आणि खाली हसणारे इमोजी. ते मात्र गेलं.

२०१७ मध्ये यूट्यूबच्या यंत्रणेनेही माझ्यासारखीच घाई केली होती. सीरियातल्या युद्धाचे हजारो व्हिडिओ तिने काढून टाकले. त्यांत कार्यकर्त्यांनी जपलेले पुरावेही होते.

मग सगळं माणसांनीच बघायचं? तेही जमत नाही. १५ मार्च २०१९ ला न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या मशिदींवरचा हल्ला फेसबुकवर लाइव्ह गेला. पहिल्या २४ तासांत फेसबुकने त्याच्या १५ लाख प्रती काढल्या, त्यांतल्या १२ लाख अपलोड होतानाच अडवल्या. हे काम हॅशचं, म्हणजे व्हिडिओवरून काढलेल्या, बोटांच्या ठशासारख्या खुणेचं; ती जुळली की प्रत आपोआप ओळखली जाते. पण कोणी कडा कापतो, कोणी टीव्हीवर लावून मोबाइलने चित्रित करतो, की ठसा जुळत नाही. ते आपल्या रांगेत, म्हणजे माणसांनी तपासायच्या यादीत, येतं.

बघायचं कसं, हे कोणी नीट शिकवत नाही. खिडकी लहान करा, रंग काढून टाका, आधी थंबनेल्स चाळा. आवाज बंद. चित्र विसरता येतं, किंकाळी नाही (निदान मला तरी). पण निवेदक हल्ल्याचं कौतुक करतोय की बातमी देतोय हे आवाजातच कळतं, तेव्हा आधी सबटायटल्स बघा, नसतील तर तेवढाच तुकडा हळू आवाजात ऐका.

मुलाखतीत मला कामाचं नाव भलतंच गोड सांगितलं होतं. तुम्ही सरळ विचारा: दिवसाला किती तास असली रांग, मध्येच उठता येतं का, समुपदेशकाशी बोललेलं टीम लीडला कळतं का. संकोच नको, मॉडरेटरांच्या मानसिक त्रासाच्या दाव्यात फेसबुकने २०२० मध्ये ५ कोटी २० लाख डॉलर द्यायचं कबूल केलं होतं.

आणि लाइव्ह चालू असेल, समोरच्याचा जीव धोक्यात असेल, तर नियम शोधत बसू नका. आधी एस्कलेट करा, म्हणजे लगेच वरच्यांकडे पाठवा. टार्गेट चुकलं तर चुकू दे.